दोन तासांचं अंगण

आमच्या गल्लीच्या दोन्ही तोंडांना पहिल्यांदा बॅरिकेड लागले त्या रविवारी सकाळी सात वाजता सगळ्यात आधी बदलला तो आवाज. हॉर्न थांबले आणि त्याखाली दबलेलं एकेक ऐकू यायला लागलं. पहिल्या मजल्यावरची कुकरची शिट्टी, पिठाच्या गिरणीतल्या पट्ट्याची फटफट, कुणाच्या तरी खिडकीतला रेडिओ. दहा मिनिटं रस्ता नुसता रिकामाच होता. मुलं कडेला उभी राहून आयांच्या तोंडाकडे बघत होती, खरंच मध्ये जायचं का म्हणून. तेवढ्यात समोरच्या वाड्यातल्या आजी आपली प्लास्टिकची खुर्ची ओढत आल्या. ती त्यांनी रस्त्याच्या अगदी मधोमध ठेवली, मांडीवर ताट घेतलं आणि घेवडा निवडायला बसल्या. मग मात्र मुलं धावली.

आपल्या गल्लीत असं काही करावं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. त्यात मंडळाचे कार्यकर्ते असतील, सोसायटीचे सचिव असतील, मुलांना खेळायला जागा नाही म्हणून कातावलेली एखादी आई असेल. मी पुण्यातल्या पेठेत राहते, म्हणून उदाहरणं इथलीच येतील. तुम्ही ठाण्यात, नाशकात, सांगलीत असाल तर कार्यालयांची नावं बदला, बाकी काम तेच आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. मोठा रस्ता, मोठा कार्यक्रम, मोठा पाहुणा यांच्या मागे लागू नका. एक गल्ली, दोन तास आणि दर आठवड्याला तोच वार. एकदाच होणाऱ्या सोहळ्याला लोक बघायला येतात. पाचव्या-सहाव्या रविवारी ते स्वतःची खुर्ची घेऊन येतात, आणि आपल्याला तेच हवं आहे.

हे कशासाठी करायचं, असं तुम्हाला दारोदारी विचारलं जाईल. उत्तर तयार ठेवा. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोमध्ये डोनाल्ड ॲपलयार्ड या नगररचनाकाराने १९६०च्या दशकाच्या अखेरीस एकमेकांसारख्याच तीन रस्त्यांवरच्या रहिवाशांशी बोलून एक अभ्यास केला. एका रस्त्यावरून दिवसाला सुमारे २,००० वाहनं जायची, दुसऱ्यावरून ८,०००, तिसऱ्यावरून १६,०००. कमी वर्दळीच्या रस्त्यावर राहणाऱ्याला त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते. भर वर्दळीच्या रस्त्यावर सरासरी एकही पुरता भरत नव्हता. तुमचं घर कुठपर्यंत आहे असं वाटतं ते नकाशावर दाखवा, असं सांगितल्यावर शांत रस्त्यावरच्यांनी अख्खा रस्ता आपला म्हणून दाखवला. गर्दीच्या रस्त्यावरच्यांचं घर आपल्या इमारतीशीच संपत होतं. मला हा आकड्यांचा अभ्यास वाटतच नाही, आमच्या पेठेची हकिगत वाटते. वाडे होते तोवर चौक होता, ओटा होता, दिंडीत उभं राहून तासभर बोलणं होतं. वाडे पाडून इमारती झाल्या, तळमजल्यावर पार्किंग आलं आणि ओटा गेला. जिन्यात भेटलेल्या माणसाला आपण आता फक्त मान हलवतो.

आणि रस्ता माणसांनी वापरणं आपल्याला नवं कुठे आहे? गणपतीचे दहा दिवस आपण तेच करतो. डोंबिवलीच्या फडके रोडवर दिवाळीच्या पहिल्या सकाळी तरुण मुलंमुली नुसती भेटायला जमतात, कुणी आमंत्रण देत नाही. त्याच डोंबिवलीत १९९९पासून गुढीपाडव्याची शोभायात्रा निघते आणि तिचं अनुकरण पुढे गावोगाव झालं. सणाला जे वर्षातून एकदा जमतं ते साध्या रविवारी, सणाशिवाय आणि मांडवाशिवाय जमवायचं आहे.

गल्ली कशी निवडायची

दीडशे ते तीनशे मीटर लांबी पुरे. दोन्ही तोंडं स्पष्ट असावीत, मधून फुटणारे बोळ शक्यतो नसावेत. असले तर प्रत्येक बोळाच्या तोंडाशी एक माणूस लागतो, हे धरून चाला. पीएमपीची बस जाते तो रस्ता सोडा. मोठं रुग्णालय, अग्निशमन केंद्र, पेट्रोल पंप असेल तर तोही सोडा. उतार असेल तर दोनदा विचार करा. दोन झाडं असतील तर ती गल्ली आधी बघा, कारण साडेआठनंतर माणसं सावलीबरोबर सरकतात.

मग वही घेऊन दोन रविवार त्याच वेळेला कोपऱ्यावर बसा. दुचाकी, रिक्षा, मोटार, टेम्पो, सायकल, पायी जाणारे असे रकाने करा आणि रेघा मारत राहा. हे कंटाळवाणं काम टाळू नका. आमच्या वहीत निम्म्याहून जास्त वाहनं गल्लीतली नव्हतीच. पुढचा सिग्नल चुकवायला आत शिरणारी होती. ती वही पोलीस अधिकाऱ्यांसमोर ठेवली तेव्हा बोलण्याचा सूरच बदलला. ‘आमची मागणी आहे’ म्हणण्यापेक्षा ‘आम्ही मोजलं आहे’ म्हणणाऱ्याचं लवकर ऐकलं जातं.

बसल्या बसल्या आणखी दोन गोष्टी बघा, ज्या नकाशावर दिसत नाहीत. जवळपास मंगल कार्यालय आहे का? असेल तर लग्नाच्या तिथी पंचांगात बघून त्या रविवारी सुट्टी घ्या. वरात आणि लगोरी एका रस्त्यावर मावत नाहीत. आणि गल्लीत शाळा असेल तर तिथे रविवारी स्पर्धा परीक्षांचं केंद्र असतं का ते शाळेत जाऊन विचारा. परीक्षेला धावत निघालेल्या मुलाला बॅरिकेडपाशी थांबवण्याची वेळ आपल्यावर येता कामा नये.

आधी ज्याची अडचण होणार त्याच्याकडे

उत्साही लोकांची सभा सगळ्यात शेवटी घ्या. ते येणारच आहेत. आधी गिरणीवाले, किराणावाले, इस्त्रीवाले, चहाची टपरी, दवाखाना, क्लास, हातगाडीवर भाजी विकणाऱ्या मावशी यांच्याकडे जा. दोघांनी मिळून जा आणि त्यातली एक तरी बाई असू द्या. पत्रक हातात ठेवून निघून येऊ नका, बसा.

आमच्या गिरणीवाल्या काकांचंच सांगते. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी चाळण झटकली, हाताचं पीठ पुसलं आणि म्हणाले, “ताई, सगळं बरोबर आहे. पण माझं दळण रविवारीच असतं. लोक स्कूटरवर पायाशी डबा ठेवून येतात. तुम्ही स्कूटर अडवली की तो डबा पलीकडच्या गिरणीत जाणार. आणि एकदा गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी उत्तर द्यायचा प्रयत्न केला नाही, हेच बरं झालं. दुसऱ्या दिवशी परत गेले आणि रविवारी गर्दी नक्की किती वाजता असते ते विचारलं. नऊनंतर, म्हणाले. मग आम्ही सात ते दहा ठरवलेली वेळ सात ते नऊ केली. शिवाय दोन्ही बॅरिकेडपाशी कॉलेजची दोन मुलं हातगाडी घेऊन उभी केली. स्कूटरवरचा डबा उतरवायचा, त्यावर खडूने नाव लिहायचं, गिरणीत पोचवायचा आणि दळण झालं की परत आणून द्यायचा. लोकांना ते इतकं आवडलं की हातगाडी बंद करायला आता काकाच तयार नाहीत.

यातून घ्यायचं ते हे, की वेळ आधी ठरवून लोकांना सांगायला जाऊ नका, विचारून ठरवा. तुमच्या गल्लीत गिरणी नसेल, सकाळचा दवाखाना असेल. मग संध्याकाळ घ्या.

दुकानदारांना धंदा वाढेल असं वचन मात्र देऊ नका. कोपनहेगनमध्ये स्ट्रोगेट हा बाजाराचा रस्ता नोव्हेंबर १९६२मध्ये वाहनांना बंद झाला तेव्हा तिथले व्यापारी धास्तावले होते. आज तो शहरातला खरेदीचा मुख्य रस्ता आहे. पण तो बदल मुरायला वेळ लागला, आणि तुमची दोन तासांची गल्ली म्हणजे स्ट्रोगेट नाही. नुकसान होऊ नये म्हणून काय काय करणार आहोत, एवढंच सांगा.

परवानगी

स्वतःच्या मनाने रस्ता अडवू नका. हेतू कितीही चांगला असला तरी ते बेकायदा आहे, आणि पहिल्याच भांडणात सगळं बंद पडतं. वाहतूक बदलाचे आदेश शहरात वाहतूक शाखेचे पोलीस उपायुक्त काढतात. मोटार वाहन कायदा १९८८मधलं कलम ११५ हे त्याचा आधार आहे. सार्वजनिक सुरक्षितता किंवा सोय यांसाठी एखाद्या रस्त्यावर वाहनांना बंदी घालता येते, असं ते कलम म्हणतं. त्याच कलमात आपल्या उपयोगाची तरतूद आहे. बंदी एक महिन्याहून जास्त नसेल तर राजपत्रात अधिसूचना काढावी लागत नाही, स्थानिक पातळीवर पुरेशी प्रसिद्धी दिली की चालतं. म्हणून पहिला अर्ज चार रविवारांचाच करा. अधिकाऱ्यालाही ‘करून बघू’ म्हणणं सोपं जातं.

अर्ज एका पानाचा असावा. कुठून कुठपर्यंत, कोणत्या तारखा, किती ते किती, वाहनांनी पर्यायी कुठून जायचं, प्रत्येक तोंडाशी किती स्वयंसेवक, जबाबदार व्यक्ती कोण. सोबत हाताने काढलेला नकाशा, मोजणीचा कागद आणि रहिवासी व दुकानदारांच्या सह्या जोडा. तीन प्रती करा. एक वाहतूक शाखेला, एक स्थानिक पोलीस ठाण्याला, एक महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाला. आवक-जावकला देऊन प्रत्येक प्रतीवर शिक्क्याची पोच घ्या. आमचा पहिला अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना हरवला होता, आणि पोच नसल्यामुळे तीन आठवड्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

महापालिकेत बोलताना पुणेकरांनी लक्ष्मी रस्त्याची आठवण जरूर करून द्यावी. ११ डिसेंबर २०२१ला पुणे महापालिकेने लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद करून पादचारी दिन साजरा केला. मुंबईकरांनी मार्च २०२२मध्ये मुंबई पोलिसांनी सुरू केलेल्या ‘संडे स्ट्रीट्स’चा दाखला द्यावा. त्यात मरीन ड्राइव्हच्या बाजूपासून उपनगरांपर्यंत काही रस्ते रविवारी सकाळी लोकांना मोकळे केले होते. यंत्रणेने स्वतः एकदा केलेली गोष्ट नागरिकांनी मागितली तर नकार देणं जड जातं. मात्र सगळी मदार एका उमद्या अधिकाऱ्यावर ठेवू नका. अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, गल्लीतली माणसं तिथेच असतात.

पत्रक लिहिताना एका शब्दाकडे लक्ष द्या. आमच्या पहिल्या पत्रकावर मोठ्या अक्षरांत ‘रस्ता बंद’ असं होतं आणि संध्याकाळपर्यंत अकरा जण भांडायला आले. दुसऱ्यावर लिहिलं, ‘रविवारी सात ते नऊ आपली गल्ली चालायला, बसायला आणि खेळायला मोकळी.’ खाली गाड्यांसाठी पर्यायी रस्ता. भांडायला दोघेच आले, त्यातल्या एकांनी पुढे सतरंजी दिली.

उभ्या गाड्या

खरी डोकेदुखी चालत्या गाड्यांची नसते, उभ्या गाड्यांची असते. गुरुवारी प्रत्येक गाडीच्या वायपरखाली चिठ्ठी लावा, शनिवारी रात्री पुन्हा एक फेरी मारा. गाड्या कुठे लावायच्या ते तुम्हीच शोधून ठेवा. आम्हाला शाळेचं मैदान शनिवारी रात्रीपासून मिळालं, कारण मुख्याध्यापक बाईंना आम्ही ‘मुलांना खेळायला’ एवढंच सांगितलं आणि त्यांना ते पटलं. ज्यांना पहाटे उठून गाडी हलवणं जमत नाही अशा ज्येष्ठांची गाडी कोण हलवणार, हेही आधी ठरवा.

इतकं करूनही एक गाडी राहतेच. मालक गावाला गेलेले असतात. तिला हात लावू नका, हवा सोडणाऱ्या पोराला तिथेच थांबवा. भोवती चार कुंड्या ठेवा, चेंडूचे खेळ लांब न्या. आमच्याकडे एका मुलीने तशा गाडीभोवती ठिपक्यांची रांगोळी काढली. मालक परत आले ते फोटो बघूनच, आणि पुढच्या शनिवारी त्यांची गाडी सगळ्यात आधी मैदानात होती.

बॅरिकेडपाशी कोण उभं राहणार

प्रत्येक तोंडाशी दोघं, तासाने पाळी बदलायची. दोघांपैकी एक जण गल्लीतल्या बहुतेकांना चेहऱ्याने ओळखणारा हवा. वरच्या आवाजात बोलणाऱ्याला कितीही उत्साह असला तरी तिथे उभं करू नका. ‘आत जाता येणार नाही’ या वाक्याने सुरुवात केली की वाद होतो. ‘तुम्हाला कुठे जायचंय? चला, रस्ता सांगतो’ असं म्हटलं की बहुतेक जण वळतात. गल्लीतल्या रहिवाशाला खरंच गाडी काढायची असेल तर काढू द्या. स्वयंसेवक पुढे चालेल आणि गाडी त्याच्या मागे चालीच्या वेगाने येईल, एवढीच अट ठेवा. अपंग व्यक्तीचं वाहन, डॉक्टर, गॅस सिलिंडरची गाडी यांनाही तोच नियम. घंटागाडीची वेळ आधीच विचारून घ्या. कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंना रविवारी दुप्पट चालावं लागणार नाही अशी सोय करा.

रस्त्यावर आडवी दोरी किंवा तार कधीही बांधू नका. हे मी दोनदा लिहायला तयार आहे. दुचाकीवरून येणाऱ्याला दोरी दिसत नाही आणि ती नेमकी गळ्याशी येते. लोखंडी बॅरिकेड, शंकू, कुंड्या, पाण्याचे पिंप, जे लांबून दिसेल आणि चटकन हलवता येईल तेच वापरा.

रुग्णवाहिका किंवा बंब आला तर? आम्ही ‘एका मिनिटाचा नियम’ केला. दोन माणसांना एका मिनिटात उचलून कडेला नेता येणार नाही अशी कुठलीही वस्तू रस्त्यावर ठेवायची नाही. मांडव नाही, व्यासपीठ नाही, बांधलेली कमान नाही. प्रत्येक बॅरिकेडपाशी शिट्टी असते. तीन शिट्ट्या झाल्या की सगळ्यांनी हातातलं घेऊन कडेला व्हायचं. दर रविवारी सुरुवातीला मुलांकडून याची एकदा रंगीत तालीम करून घ्या, त्यांना तो खेळच वाटतो. चौथ्या रविवारी खरोखर १०८ची रुग्णवाहिका आली. शिट्ट्या झाल्या आणि गाडी पहिल्या झाडाशी पोचेपर्यंत रस्ता रिकामा होता. दोन आजोबांनी कॅरम सोंगट्यांसकट आडवा उचलून नेला होता आणि राणी अजून जागेवर होती. एरवी त्याच गल्लीत रुग्णवाहिकेला पार्क केलेल्या गाड्यांमधून वाट काढायला बराच वेळ लागतो, हे सगळ्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा बोलून दाखवलं.

मध्ये काय ठेवायचं

फार काही नाही. खुर्च्या, सतरंज्या, पाण्याचं पिंप, रंगीत खडू. मंडळाच्या खुर्च्या मिळतात. त्यातल्या काही हाताच्या खुर्च्या असू द्या, गुडघे दुखणाऱ्यांना त्यातून उठता येतं. खुर्च्या सिनेमागृहासारख्या रांगेत मांडू नका. चार-चार, तीन-तीन अशा तोंडासमोर तोंड ठेवा, त्याशिवाय बोलणं सुरू होत नाही.

आमचा दुसरा रविवार मात्र फसला. पहिल्याच्या यशाने आम्हाला चेव आला होता. झुंबाचे सर बोलावले, ध्वनिक्षेपक लावला, कुणीतरी फ्लेक्स छापून आणला. गर्दी दुप्पट झाली, पण ती बाहेरची. वाड्यातल्या आजी दहा मिनिटांत खुर्ची घेऊन आत गेल्या. “बोललेलं ऐकूच येईना गं,” म्हणाल्या. त्या दिवसापासून ध्वनिक्षेपक नाही. तसाही निवासी भागात दिवसा आवाजाची कायद्याने मर्यादा ५५ डेसिबल आहे, रुग्णालय आणि शाळेभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असतं, आणि ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते. पण आजींचं कारण मला त्याहून मोठं वाटतं. भजनी मंडळाला बोलवा, पेटी आणि टाळांवर भागतं.

क्रिकेटला नाही म्हणा. हे सांगताना मला वाईट वाटतं, कारण मुलांचा हिरमोड होतो, पण म्हणा. सात-आठ मोठी मुलं चेंडू-फळी घेऊन उतरली की अख्खा रस्ता त्यांचा होतो. लहान मुलं, मुली, म्हातारी माणसं सगळी कडेला ढकलली जातात. आम्ही क्रिकेट बंद केल्यावर त्याच रविवारी सातवी-आठवीतल्या मुली पहिल्यांदा रस्त्यावर उतरल्या. त्यांनी ठिक्करची घरं आखली, मग लंगडी, मग लगोरी. एका आज्जींनी डबा ऐसपैस कसा खेळतात ते शिकवलं आणि स्वतःच राज्य घेतलं. क्रिकेटवाली मोठी मुलं आता हातगाडीवर आणि बॅरिकेडपाशी असतात, कामाला लागली की ती खूश असतात.

सायकली वेगळ्या टोकाला ठेवा. आम्ही नव्हत्या ठेवल्या. एक छोटा मुलगा उतारावरून आला आणि एका आजोबांच्या पायावर आदळला. फार लागलं नाही, पण आजोबा पुढचे दोन रविवार आले नाहीत आणि त्यांच्या मुलाचं आम्हाला ऐकून घ्यावं लागलं. चूक आमची होती. आता खडूने जाड रेघ मारलेली असते. रेघेच्या पलीकडे चाकं, अलीकडे पाय. प्रथमोपचाराची पेटीही तेव्हापासून असते.

खाण्याचे स्टॉल पहिले तीन महिने नकोत. खाणं आलं की कचरा येतो, भाडं येतं, जागेवरून तंटे येतात. कोपऱ्यावरच्या टपरीचा चहा पुरे, त्यांचाही धंदा होतो. पुरस्कर्ते, फलक, पक्षाचे झेंडे यांना स्वच्छ नकार द्या. निवडणुकीच्या आचारसंहितेच्या काळात तर डोळ्यांत तेल घालून राहा. नगरसेवक आले तर आनंदाने खुर्ची द्या, भाषण नाही. खर्च असतो तरी किती? खडू, पाणी, शिट्ट्या आणि अर्जाच्या झेरॉक्स. घरटी थोडी थोडी वर्गणी काढली तरी उरते.

बायका किती वेळ थांबतात ते बघा. रविवारी सकाळी घरात दुप्पट काम असतं, म्हणून त्या डोकावून परत जातात. आमच्याकडे निवडण-टिपण, मटार सोलणं, लोकर विणणं असं हातातलं काम घेऊन बाहेर बसण्याची पद्धत आजींमुळे पडली. मग बाहेर असलेल्या पुरुषांना मटार सोलायला लावण्यापर्यंत मजल गेली. स्वच्छतागृहाचाही विचार करा. तळमजल्यावरच्या दोन घरांनी आमच्यासाठी दार उघडं ठेवलं आहे, आणि त्यामुळे ज्येष्ठ बायका निर्धास्त बसतात.

एप्रिल-मे महिन्यांत साडेसहालाच सुरुवात करा. पाऊस असेल तर रद्द करू नका, चार मुलं नाचायला येतातच. रद्द झालेला एक रविवार परत भरून यायला तीन रविवार लागतात.

मोजत राहा आणि मग मागा

दर रविवारी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या गच्चीवरून एक फोटो काढा. किती माणसं, त्यात बायका किती, साठीच्या पुढचे किती, लहान मुलं किती, हे वहीत लिहा. महिन्याने दुकानदारांकडे परत जाऊन काय त्रास झाला ते विचारा आणि तेही लिहा. पुढचा अर्ज या वहीवरच मंजूर होतो.

तीन महिने नीट चाललं की मग शेजारच्या गल्लीशी बोला, दोन गल्ल्या जोडा. कोलंबियाच्या बोगोटा शहरात १५ डिसेंबर १९७४ला काही रस्ते सायकलींसाठी मोकळे झाले, तेव्हा ती छोटीशी सुरुवात होती. आज तिथे दर रविवारी आणि सणाच्या सुट्टीला सकाळी सात ते दुपारी दोन या वेळेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास रस्ते लोकांना मिळतात. आपल्याकडे गुरुग्राममध्ये नोव्हेंबर २०१३मध्ये ‘राहगिरी’ सुरू झालं, पुढच्याच वर्षी मुंबईत वांद्रे ते सांताक्रूझ असा रस्ता रविवारी मोकळा करून बघितला गेला. मला त्या भव्यतेपेक्षा इंग्लंडमधल्या ब्रिस्टलची गोष्ट जवळची वाटते. २००९मध्ये तिथे दोन शेजारणींनी शाळा सुटल्यावर आपली गल्ली मुलांना खेळायला मोकळी केली, आणि पुढे तिथल्या नगरपरिषदेने रहिवाशांना अशी परवानगी देण्याची सोपी पद्धतच बसवली. सुरुवात फक्त दोन शेजारणींची होती.

दोन तासांत जे आवडलं ते कायमचं मागता येतं. झाडाखाली दोन बाक, कोपऱ्यावर रुंद पदपथ, गाड्यांचा वेग कमी करणारा उंचवटा. पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांना आपल्या भागातली छोटी कामं सुचवता येतात, ही सोय २००६पासून आहे आणि तिचा उपयोग फार थोडे लोक करतात. आमच्या गल्लीने बाक मागितले. जागा कुठली, हे ठरवायला आम्हाला वाद घालावा लागला नाही. आजींची खुर्ची ज्या झाडाखाली सरकते तीच जागा.

शेवटचं काम रस्ता परत देण्याचं. ते घाईने करू नका, अपघाताची भीती तेव्हाच जास्त असते. पावणेनऊला एक लांब शिट्टी द्यायची. मग दोन्ही टोकांकडून दोघं-दोघं झाडू आणि पोतं घेऊन मध्याकडे चालत येतात, कागद, शेंगांची टरफलं, खडूचे तुकडे गोळा करतात. मुलं त्यांच्या पुढे पुढे सरकतात आणि आपोआप दारात पोचतात. खुर्च्या, सतरंज्या, कॅरम आत जातात. मोठ्या माणसांनी संपूर्ण गल्ली एकदा चालून पाहिल्याशिवाय बॅरिकेड हलवायचे नाहीत. मग पहिल्या स्कूटरच्या पुढे आमच्यातलं कुणीतरी पायी चालत जातं. तोपर्यंत वाड्यातल्या आजी सहसा बसलेल्याच असतात, ताटातल्या शेवटच्या चार शेंगा राहिलेल्या असतात, आणि स्कूटरवाला हॉर्न न वाजवता पाय टेकून थांबतो.